कुठेही ठेवा, चालतो!

प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे किस्से कसे जमतात सांगू? उरलेल्या स्क्रूंसारखे! मशीन उघडायचं, साफ करायचं, परत बंद करायचं, आणि दर वेळी एखादा स्क्रू हातात उरतोच. कुठला होता ते आठवत नाही, मशीन तर चाललंय, मग टाक पर्समध्ये. माझी पर्स झटकली तर अजून चार-दोन पडतील. आणि तोंड उघडलं की असे किस्से पडतात.

मी नीलम. २००८ च्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला शेखरदादांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दादा विकायचे आणि मी दुरुस्त करायची. घरोघरी इंटरनेट नुकतं यायला लागलं होतं. तेवढ्यात दादांनी बिनवायरचे प्रिंटर आणले. प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स, सगळं एकाच डब्यात! गिऱ्हाईक पायरी चढलं की दादांचं वाक्य तयार: "वायर नाही, कटकट नाही. कुठेही ठेवा, चालतो!"

ते 'कुठेही' निस्तरायला मी. मुळात माझा स्वभाव चळवळ्या, एका जागी बसून कपभर चहासुद्धा संपत नाही. त्यात दुकानातला फोन वाजला की मी चहा खाली ठेवायची. नक्की आपलाच! आणि असायचाही आपलाच.

* * *

नाचणे गावात एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांची तक्रार अशी, की प्रिंटर सकाळी चालतो आणि आंघोळी आटपल्या की बंद पडतो.

मी गेले. प्रिंटर टेबलावर, नीट झाकून ठेवलेला. म्हटलं, "सर, राऊटर कुठाय?"

सरांनी खिशातून किल्ली काढली. खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. आत त्यांच्या बायकोच्या पैठणीशेजारी राऊटर लुकलुकत बसलेला! कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली होती. सकाळी कपडे काढायला कपाट उघडं असायचं तेवढा वेळ प्रिंटर चालायचा.

"सर, लोखंडाच्या कपाटात सिग्नल अडकतो. बाहेर ठेवा."

"महागाची वस्तू बाहेर ठेवू? उद्या कोणी उचलून नेली तर?"

"पण मग प्रिंटरला सिग्नल मिळणार कसा?"

सरांनी जरा विचार केला. वर्गात एखाद्याने बरोबर शंका काढल्यावर करतात तसा. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुझा. असं करू, प्रिंटरही आतच ठेवू!"

* * *

आता ज्या घरापायी त्या पावसाळ्यात माझी झोप उडाली होती, ते घर सांगते. आमच्याच आळीतलं. दोन भाऊ, थोरले अण्णा आणि धाकटा दिगू. घर एकच, पण वाटणी झाल्यावर माजघराच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली आणि दोन दारं झाली. भांडण कशावरून हे दोघांनाही आता धड सांगता आलं नसतं. कोणी म्हणे फणसावरून, कोणी म्हणे विहिरीच्या पंपावरून. बोलणं मात्र साफ बंद.

एकच गोष्ट एकत्र उरली होती, ती म्हणजे गणपती. तो बसायचा अण्णांच्या बाजूला. दिगूची बायको, सुमनवहिनी, सगळा नैवेद्य करायची. दिगू पेटी वाजवायचा. भावाकडे न बघता आरती म्हणायचा, प्रसाद घ्यायचा आणि आपल्या दाराने जायचा. मी परकर नेसत होते तेव्हापासून त्या आरतीला जाते. तो गणपती आमच्या आख्ख्या आळीचा.

अण्णांची बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा मुंबईला. त्या मुलानेच लॅपटॉप पाठवला, आंब्याच्या गिऱ्हाइकांना ईमेल करायला म्हणून. मग अण्णांनी आमच्याकडून प्रिंटर नेला. मी पडवीत राऊटर लावला, प्रिंटर जोडला, चाचणीचं पान काढून दाखवलं आणि सहज विचारलं, "अण्णा, आंब्याला तर अजून अवकाश आहे. आत्ताच घाई केलीत?"

"पत्रं छापायचीत. मुंबईच्या भावकीला. यंदापासून गणपती वेगळा."

माझ्या हातातली सीडी खाली पडली. कोकणात घर वेगळं होतं, चूल वेगळी होते, ते लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. गणपती वेगळा झाला की तो परत एक होत नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. कसंबसं म्हटलं, "मग हातानेच लिहा ना अण्णा. प्रिंटर कशाला त्याला?"

"हाताने लिवलं तं लोक म्हणतील रागाने लिवलंय. छापलेलं असलं की ठरवलंय असं वाटतं."

पुढल्याच आठवड्यात दिगू दुकानात. विम्याचं काम घरूनच करायचा तो. दादांना म्हणाला, "त्यांनी कुठला नेला?" दादांनी दाखवला. "तोच द्या. राऊटर पण तोच!" आणि मी बसवून देते म्हटलं तर म्हणाला, "नको, मला येतं."

* * *

संगमेश्वरहून एका कंत्राटदारांचा फोन आला. आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी स्पष्ट ऐकू यावा.

"तुमचा प्रिंटर काय पण करत नाय हो! नुसता निळा दिवा मारतो!"

म्हटलं, "राऊटर शोधत असेल तो. जरा राऊटरजवळ नेऊन बघा."

"बरं!" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी साहेब एसटीने आमच्या दारात! मांडीवर प्रिंटर घेऊन आले होते, टॉवेलात गुंडाळून. "आणला जवळ. बघा आता."

"अहो, तुमच्या राऊटरजवळ म्हटलं मी."

"माझा कुठला? राऊटर तुमच्या दुकानात आहे की! तो काय वर लुकलुकतोय."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांनी राऊटर घेतलाच नव्हता. दादा म्हणाले होते ना, वायर लागत नाही! मी समजावलं, की बाबा, हा सिग्नल फार तर अंगणापर्यंत जातो, संगमेश्वरपर्यंत कसा येईल?

ते खवळलेच. "फसवता काय? तुमच्या रत्नागिरीचा रेडिओ आमच्याकडे स्वच्छ लागतो!"

* * *

अण्णांचा फोन दिवसाआड यायचा. "अगो नीलम, छापत नाय हा."

मी स्कूटी काढायची. पावसात भिजत जायची. अण्णा मला पडवीत खुर्ची द्यायचे, आतून लॅपटॉप आणायचे, माझ्यासमोर ठेवायचे. मी प्रिंटचं बटण दाबलं की झर्रकन कागद बाहेर!

"आत्ता चालला," अण्णा म्हणायचे, "तू गेलीस की नाय चालायचा."

मी गेले की अण्णा पत्राआधी चाचणीचं पान काढून बघायचे, आणि खरंच चालायचा नाही. कॉम्प्युटर म्हणायचा छापलं, आणि प्रिंटरला त्याचा पत्ताच नाही. स्कॅन करायला जावं तर 'स्कॅनर सापडत नाही'. मी सॉफ्टवेअर काढून परत घातलं. राऊटर उंच ठेवला. भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर रुंद, त्यांना दोष देऊन झाला. काही केल्या दुखणं सापडेना.

आणि खरं सांगू? सापडावं असं वाटतही नव्हतं. घरी येऊन जेवायला बसले की एक मन म्हणायचं, काम घेतलंयस तर नीट कर. दुसरं म्हणायचं, राहू दे बंद, पत्रं जाणार नाहीत. पण हातात घेतलेलं मशीन बिघडलेलं ठेवून मला जमत नाही. नारळी पौर्णिमेच्या आत पत्रं मुंबईला पोचवायची असं अण्णांनी धरलं होतं, आणि पौर्णिमा तर जवळ येत चाललेली.

त्यातच एकदा दिगूचा फोन दुकानात आला. दादांनी घेतला. "आमचा प्रिंटर मध्येच आपोआप सुरू होतो. कोण सांगत नाय, दाबत नाय, आणि चाचणीचं पान काढतो!"

दादांनी मला विचारलंसुद्धा नाही. गोड आवाजात म्हणाले, "नवीन आहे हो मशीन. सुरुवातीला उत्साह असतो!"

* * *

मांडवीला एक डॉक्टर होते. त्यांची कागदपत्रांची सगळी बाजू त्यांच्या पत्नी मालतीकाकू सांभाळायच्या. पेशंटांची सर्टिफिकिटं स्कॅन करून मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसला पाठवायची. काकूंचा फोन: "नीलम, प्रत्येक कागदावर लाल डाग येतोय गो. शाई गळतेय वाटतं."

स्कॅनला शाई लागत नाही हे फोनवर सांगून उपयोग नव्हता. गेले. झाकण उचललं. काचेवर, अगदी कोपऱ्यात, कुंकवाचं सुबक स्वस्तिक!

"काकू, हे काय?"

"पूजा नको करायला? नवी वस्तू घरात आली."

"पण आत काचेवर?"

"बाहेर काढलं असतं तर पुसून गेलं असतं. आत कशी स्वच्छ जागा होती!"

मी ओल्या फडक्याने काच पुसली, काकूंच्या हातचं घावन खाल्लं आणि आले. पुढच्या आठवड्यात परत फोन. आता काय?

"अगो, त्या ऑफिसने कागद परत पाठवलेत. म्हणतात, आधीच्या सगळ्या प्रतींवर लाल शिक्का होता, यांच्यावर नाही. शिक्क्यासह पाठवा!"

मी काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

* * *

दापोलीला विद्यापीठातून रिटायर झालेले एक प्रोफेसर होते. त्यांनी प्रिंटर घेतला आणि दोनदा फोन करून दादांना बजावलं, की माणूस अनुभवी पाठवा. दादांनी पाठवलं मला. एसटीत बसून हाडं खिळखिळी झाली. दारात उभी राहिले तर सर माझ्या मागे बघतात.

"मेकॅनिक मागून येतोय का?"

"मीच आहे."

"तू बस हो. तो येईपर्यंत चहा घे."

मला आत स्वयंपाकघरात पाठवलं. त्यांच्या पत्नी भल्या होत्या, हसल्या, पोहे टाकले. मला बसवेना. गाडी चुकेल, तिकडे अण्णा वाट बघत असतील, इथे मी पोहे खातेय! फडताळाकडे नजर गेली. स्टीलच्या डब्यांच्या रांगेमागे हिरवा दिवा लुकलुकत होता.

"वहिनी, हा राऊटर इथे?"

"बाहेर बरा दिसत नव्हता. म्हणून तांदळाच्या डब्यामागे सारला."

मी तो उचलून खिडकीत ठेवला. बाहेरच्या खोलीत प्रिंटर घरघरला आणि आठवडाभर तुंबलेली पानं एकामागून एक पडायला लागली. सर धावतच फोनकडे गेले. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो! अहो, तुमचा माणूस अजून पोचलाच नाही, पण प्रिंटर सुरू झाला! कमाल आहे, दुरुस्तीसुद्धा वायरलेस करता?"

आणि आमचे दादा! म्हणाले, "सर, तीच तर आमची खासियत!"

* * *

पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. अण्णांचा फोन आला. "आज काय तं कर बाय. नाय तं मी हातानेच लिवतो."

मी म्हटलं असतं, लिहा. पण आवाज असा थकलेला होता, की निघाले. पाऊस धो धो. पडवीत झड येत होती, बसायला कोरडी जागा नव्हती. म्हणून त्या दिवशी अण्णांनी कामासाठी पहिल्यांदाच मला आत माजघरात नेलं. एरवी आल्यागेल्याला पडवीतच बसवायची त्यांची पद्धत. माझ्यासाठी लॅपटॉप बाहेर आणायचे तो त्याच पाहुणचारापायी.

"हितंच बसतो मी. गारवा असतो," म्हणाले. टेबल फळ्यांच्या भिंतीला टेकवलेलं. तिच्या पलीकडे दिगू.

मी स्क्रीनवर नजर टाकली. सिग्नल पूर्ण! मला चमत्कारिकच वाटलं. राऊटर पडवीत, मध्ये जांभ्याची रुंद भिंत, आणि इथे सिग्नल पूर्ण? मी विचार करतेय तोवर अण्णांनी आज थेट पत्र उघडून बटण दाबलं. "बघ. पडवीत काय वाजतंय?"

पडवीत काही वाजलं नाही. वाजलं ते फळ्यांच्या पलीकडे. घर्र, घर्र, आणि कागद पडल्याचा आवाज.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोघांचे राऊटर एकाच कंपनीचे, नावही कंपनीने दिलेलं तेच, आणि दिगूने पासवर्ड घातलेलाच नाही. अण्णांचा पासवर्ड घालायचा माझ्याकडूनच राहिलेला. माजघरात आल्यावर अण्णांचा लॅपटॉप सरळ दिगूच्या राऊटरला लागत होता आणि सगळं त्याच्याच प्रिंटरवर पाठवत होता!

"अण्णा, थांबा! दाबू नका!"

"दाबून तं दाखवू दे तुला," म्हणत अण्णा दाबतच राहिले. पलीकडे कागदावर कागद. मग अचानक आवाज थांबला. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. अंगणात पाण्यातून पावलं वाजली आणि दिगू दारात उभा राहिला. डोक्यावर काही नाही, शर्ट भिजलेला, पण कागद बनियनच्या आत धरून कोरडे आणले होते.

ते त्याने टेबलावर ठेवले. बघत होता माझ्याकडे.

"नीलम, विचार यांना. दीड दिवसाचा गणपती कोणाला विचारून केला? आपला गौरीबरोबर जातो."

अण्णाही माझ्याकडेच बघत म्हणाले, "नीलम, सांग त्याला. माझी मी मांडणी करतोय. मला एकट्याला तेवढे दिवस झेपायचे नाय."

"नीलम, विचार यांना, झेपत नाय म्हणून कधी सांगितलंनी कोणाला?"

"सांग त्याला, ही गेल्यावर वर्षात कोण विचारायला आलं होतं?"

"सांग यांना, सुमन रोज दोन वाट्या आमटी जास्त करते. देऊ कशी? दाराला कडी असते आतून!"

मी मध्ये बसलेली. एक शब्द बोलले नव्हते. मान तेवढी इकडून तिकडे फिरत होती. मला उठून पळून जावंसं वाटायला लागलं.

शेवटी दिगू वळला. दारात थांबून म्हणाला, "आणि सांग यांना, शेवटची पत्रं फिकट आलीत. शाई संपली माझी."

तो गेला. अण्णा कागदाकडे बघत बसून राहिले. मी हळूच म्हटलं, "अण्णा, दुखणं कळलं. नाव बदलते आणि पासवर्ड घालते, मग तुमचं तुमच्याकडेच छापेल. पाच मिनिटांचं काम."

"नको," अण्णा म्हणाले. "तू हात नको लावूस."

उठून पडवीत गेले. मीही मागोमाग. त्यांनी स्वतःच्या प्रिंटरचं झाकण उघडलं, आतली शाईची दोन्ही कार्ट्रिज खटकन ओढून काढली आणि मला दाखवली. "ही त्याच्यात बसतात काय गो?"

"बसतात."

छत्री खुंटीवर होती. ती न घेताच अण्णा पायरी उतरले, दोन्ही हातांत कार्ट्रिज धरून अंगण ओलांडलं आणि धाकट्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी पडवीतून बघत होते. त्यांनी घसा खाकरला.

"दिगू," अण्णा म्हणाले, "काळी संपली की रंगीत?"